तीन रात्रींचं पॅरिस आणि त्याआधीचे अडीच महिने

मँचेस्टरला एमएससीसाठी येऊन पाच महिने झाले होते. फेब्रुवारी २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, मेच्या पहिल्या वीकेंडला पॅरिसला जायचं का? सोमवारी, ५ मेला इथे बँक हॉलिडे होता, त्यामुळे सुट्टी आपोआप लांबत होती. पाच मिनिटांत होकारांचा पाऊस पडला. एलेनी ग्रीसची, मातेओ कोलंबियाचा, तोबी इथलाच यॉर्कशायरचा. उरलो नायजेरियाचा चिडी आणि साताऱ्याची मी. आम्हा दोघांनाच व्हिसा लागणार होता.

ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा असला तरी युरोपात जायला वेगळा शेंगेन व्हिसा, म्हणजे तिथल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. मातेओला तो का नको, याचं मला आश्चर्य वाटलं होतं. कोलंबियाच्या लोकांना २०१५च्या शेवटापासून छोट्या मुक्कामासाठी या व्हिशातून सूट आहे. आपल्याला नाही. मी ग्रुपवर लिहिलं, "मला यायचंय, पण मला व्हिसा काढावा लागेल, त्याला दोन महिने लागू शकतात, आणि तो मिळेलच असं नाही." हे लिहिताना छातीत धडधडत होतं. आपल्यामुळे सगळ्यांचा बेत लटकणार, ही भावना फार वाईट असते. पण असं स्पष्ट लिहिल्यावर एलेनीनेच हॉस्टेल असं शोधलं, जे शेवटच्या आठवड्यापर्यंत फुकट रद्द करता येईल. तुमच्या मित्रांना व्हिशातलं काही माहीत नसतं, पण तुम्हाला काय हवंय हे सांगितलं की ते करतात. तेव्हा पहिल्याच दिवशी सांगा.

पहिला प्रश्न, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथे आधी प्रवेश करणार, तिथे. तोबीला एक दिवस बेल्जियममधलं ब्रसेल्सही हवं होतं. मी म्हटलं, पहिला अर्ज आहे, एकच शहर ठेवूया. प्रवासाचा आराखडा जितका सरळ, तितकी कागदपत्रं कमी.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. फ्रान्सचा अर्ज 'फ्रान्स-व्हिसाज' या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, त्याची प्रिंट काढायची आणि मग व्हिसा केंद्रात प्रत्यक्ष जायची वेळ घ्यायची. अर्ज भरायला एक संध्याकाळ पुरली. खरी अडचण होती ती वेळ मिळण्याची. मँचेस्टरच्या केंद्राचं कॅलेंडर उघडलं तर सगळे दिवस राखाडी. लंडनचंही तेच. काही दिवस सकाळी उठल्या उठल्या, दुपारी लेक्चर संपल्यावर आणि रात्री झोपताना पान उघडून बघायची सवयच लागली. लोक वेळा रद्द करतात, त्या मधूनच मोकळ्या होतात. फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी २६ मार्चची एक वेळ हिरवी दिसली आणि मी ती लगेच घेतली. पैसे घेऊन वेळ मिळवून देतो म्हणणारे लोक सोशल मीडियावर भरपूर भेटतील. त्यांना पासपोर्टचे तपशील देऊ नका.

चिडीला मात्र मार्च अर्धा सरला तरी वेळ मिळाली नाही. शेवटी जी मिळत होती ती एप्रिलच्या अखेरची, म्हणजे पासपोर्ट आमच्या निघण्याच्या तारखेनंतर परत येणार. तो म्हणाला, तुम्ही जा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण त्या दिवशी आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये बराच वेळ काही न बोलता बसलो होतो. ते मला अजून लागतं.

आता कागद. माझी फाइल अशी होती: अर्जाची सही केलेली प्रिंट, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो (सुपरमार्केटमधल्या फोटो-बूथचा चालतो), पासपोर्ट आणि त्याच्या झेरॉक्स. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. ब्रिटनमध्ये राहण्याच्या परवानगीचा पुरावा लागतो. सप्टेंबर २०२४मध्ये आलेल्या आमच्यासारख्यांची बीआरपी, म्हणजे इथे राहण्याच्या परवानगीची कार्डं ३१ डिसेंबरलाच संपली आणि सगळं ई-व्हिशावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर गेलं, त्यामुळे हातात दाखवायला काहीच नव्हतं. ब्रिटनच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर लॉगिन करून शेअर कोड (दुसऱ्याला आपली परवानगी ऑनलाइन तपासता येईल असा कोड) काढला आणि त्या पानाची प्रिंट लावली. परत आल्यावरही इथली मुदत किमान तीन महिने शिल्लक असावी अशी अपेक्षा असते. माझी जानेवारी २०२६पर्यंत होती. एक वर्षाची मास्टर्स करणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. उन्हाळ्याच्या शेवटी फिरू म्हणून थांबलात, तर ही मुदत आड येते.

विद्यापीठाचं पत्र स्टुडंट सर्व्हिसेसकडून घेतलं. त्यात अभ्यासक्रम कधी संपतो आणि मी नियमित विद्यार्थिनी आहे, हे लिहिलेलं होतं. पाच कामाचे दिवस लागले, म्हणून हे आधी मागवा.

विमा आपण नुसती औपचारिकता समजतो, पण त्याच्या अटी नीट वाचा. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, सर्व शेंगेन देशांत लागू, आणि आजारपणात मायदेशी पाठवण्याचा खर्च त्यात धरलेला हवा. ब्रिटनच्या व्हिशाबरोबर आपण आरोग्य अधिभार भरलेला असतो, तो इथेच उपयोगी पडतो. इंग्लिश खाडीपलीकडे त्याचा काही उपयोग नाही. चार दिवसांचा विमा मला बारा पौंडांना पडला.

आणि बँक स्टेटमेंट, मागच्या तीन महिन्यांचं. सगळ्यात जास्त धास्ती मला याचीच होती. हॉटेलचं बुकिंग असेल तर फ्रान्स दिवसाला किमान ६५ युरो हाताशी असावेत असं धरतं, बुकिंग नसेल तर १२०. माझ्या खात्यात एवढे होते, पण ते यायचे तुकड्यातुकड्याने: कॉलेजच्या कॅफेतल्या कामाचे थोडे, बाबांनी पाठवलेले थोडे. शैक्षणिक कर्जातून फी परस्पर विद्यापीठाकडे गेलेली. फेब्रुवारीत बाबांनी इथल्या, मँचेस्टरच्या हॉस्टेलच्या भाड्यासाठी एकदम मोठी रक्कम पाठवली होती, ती स्टेटमेंटमध्ये ठसठशीत दिसत होती. मी अर्जासोबत एक पानाचं साधं पत्र जोडलं: मी कोण, काय शिकते, कोणासोबत आणि कधी जाते, परत येऊन कोणती परीक्षा द्यायची आहे, आणि ती मोठी रक्कम कशाची. बाबांच्या पत्राची आणि माझ्या पगाराच्या स्लिपांची प्रत त्याला लावली. आकडा लपवायचा नाही, तो समजावून सांगायचा. हे मला इथल्या एका सीनियर ताईने सांगितलं आणि तेच मी तुम्हाला सांगते.

रेल्वेचं तिकीट मी व्हिसा येण्याआधी काढलं. थांबलं असतं तर बँक हॉलिडेच्या वीकेंडला भाव दुप्पट झाले असते. लंडन-पॅरिस धावणाऱ्या युरोस्टारच्या साध्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळत नाहीत, पण तारीख बदलून घेता येते, एवढा आधार पुरेसा वाटला. जाऊन-येऊन १२८ पौंड. विमानाचं स्वस्त, न बदलता येणारं तिकीट व्हिशाआधी काढू नका, असं मी आवर्जून सांगेन.

२६ मार्चला केंद्रात पोहोचले तेव्हा बाहेर रांग होती. आत टोकन, मग कागदांची तपासणी, मग बायोमेट्रिक. खिडकीपलीकडची बाई शांत होती. तिने कागद एका ठराविक क्रमाने लावून घेतले आणि हॉस्टेलच्या बुकिंगवर माझं नाव शोधलं. आमचं बुकिंग एलेनीच्या नावावर होतं, पण तिने सर्व पाहुण्यांची नावं घालून घेतली होती, ती कामाला आली. ग्रुपमध्ये जात असाल तर बुकिंगवर तुमचं स्वतःचं नाव छापलेलं असू द्या. दहाही बोटांचे ठसे घेतले. ब्रिटनच्या व्हिशासाठी दिलेले ठसे इथे चालत नाहीत. पण शेंगेनसाठी एकदा दिलेले ५९ महिने वापरता येतात. ९० युरो व्हिसा फी पौंडांमध्ये घेतली आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. दोन्ही मिळून शंभरच्या थोडे वर गेले. एसएमएस, कुरिअर, बसायला खास खोली असल्या जादा सेवा विचारतात. त्या ऐच्छिक असतात, नाही म्हटलं तरी अर्जाला काही होत नाही.

पासपोर्ट तिथेच राहतो. हे माहीत असूनही रिकाम्या हाताने बाहेर पडल्यावर एकदम हलकं आणि असुरक्षित वाटलं. घरी काही अडचण आली आणि तातडीने भारतात जावं लागलं तर, हा विचार पाठ सोडत नव्हता. आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, दोन-तीन दिवसांच्या फिरण्यासाठी एवढी यातायात?" आणि लगेच पुढे, "पण जा. परत कधी जाशील?" निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, काही प्रकरणांत पंचेचाळीसपर्यंत जातात. या काळात रोज स्टेटस बघण्याने काही बदलत नाही, पण मी बघत होते. असाइनमेंट होत्या म्हणून वेळ गेला.

११ एप्रिल, शुक्रवार. पासपोर्ट घ्यायला या, असा ईमेल. लिफाफ्यात काय आहे हे उघडेपर्यंत कळत नाही, आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांचे हात तो फाडताना सारखेच कापत होते. माझ्या पासपोर्टात व्हिशाचा स्टिकर होता. तिथल्या तिथे सगळं तपासा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, तारखा. माझ्या स्टिकरवर २ मे ते २० मे अशी मुदत होती आणि मुक्काम ४ दिवस. पाहून वाटतं अठरा-एकोणीस दिवस राहता येईल, पण तसं नाही. त्या मुदतीत फक्त चार दिवस, आणि येण्याचा व जाण्याचा दिवस त्यात धरलेला. पंधरा दिवस वर मिळतात ते तारीख पुढेमागे झाली तर सोय म्हणून.

१ मे महाराष्ट्र दिन, फ्रान्समध्ये कामगार दिनाची सुट्टी. आम्ही दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे मँचेस्टर पिकॅडिलीहून लंडन युस्टनची गाडी धरली. रेलकार्डने तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते वयाच्या २६नंतरही मिळतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. युस्टनहून सेंट पँक्रास, म्हणजे युरोस्टार सुटते ते स्टेशन, चालत दहा-पंधरा मिनिटं.

सेंट पँक्रासला फ्रेंच सीमा पोलिस लंडनमध्येच बसलेले असतात, म्हणजे शेंगेनमध्ये प्रवेश तिथेच होतो. एलेनी युरोपीय संघाच्या पासपोर्टवाल्यांच्या रांगेतून पटकन पलीकडे गेली. मी, मातेओ आणि तोबी दुसऱ्या रांगेत. अधिकाऱ्याने मला विचारलं, किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट दाखवा. फाइल हातातच होती, बॅगेत नाही, त्यामुळे मिनिटभरात झालं. शिक्क्यावर रेल्वेचं छोटं चित्र असतं, ते मी कितीतरी वेळ बघत होते. (१२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे आता वेळ हातात जास्त ठेवा.)

इंग्लिश खाडीखालचा बोगदा सुमारे ५० किलोमीटरचा, त्यातला ३८च्या आसपास समुद्राखाली, १९९४पासून सुरू. वीसेक मिनिटं खिडकीत नुसता काळोख, मग एकदम सपाट हिरवी शेतं, फोनवर फ्रेंच नेटवर्क आणि घड्याळ एक तास पुढे.

या वीकेंडचा एक फायदा मी आधीच हेरून ठेवला होता. लूव्ह्र संग्रहालयाला महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर प्रवेश मोफत असतो, जुलै-ऑगस्ट सोडून. एरवी तिकीट तेव्हा २२ युरो होतं. युरोपीय संघातल्या २६च्या आतल्या मुलांना तिथे एरवीही मोफत असतं, ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या भारतीयांना नाही. ओर्से संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना मोफत. २ मे पहिला शुक्रवार आणि ४ मे पहिला रविवार, दोन्ही एकाच फेरीत बसले. दोन्हीकडे वेळ ऑनलाइन राखून ठेवली होती.

लूव्ह्रमध्ये मोनालिसासमोरची गर्दी पाहून आम्ही लवकर बाजूला झालो. पण जिन्याच्या माथ्यावर सॅमोथ्रेसची पंख पसरलेली विजयदेवता आहे, तिथे एलेनी थांबली ती हलेचना. ती मूर्ती १८६३मध्ये सॅमोथ्रेस बेटावर एका फ्रेंच माणसाला सापडली आणि पॅरिसला आली. एलेनी म्हणाली, "आमच्या शाळेच्या पुस्तकात हिचा फोटो होता. आज पहिल्यांदा बघतेय, आणि तेही इथे येऊन." मी तिला साताऱ्याच्या संग्रहालयातली वाघनखं सांगितली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती जुलै २०२४मध्ये तीन वर्षांसाठी आणली. मी इकडे यायच्या आधी आई-बाबांबरोबर रांगेत उभं राहून ती पाहिली होती. ती महाराजांचीच का, यावर वाद आहे, पण काचेपुढे हात जोडणाऱ्या आज्या त्या रांगेत होत्या. "तीन वर्षांसाठी?" एलेनीने विचारलं. हो, म्हटलं, तीनच. मग आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसलो. बंद होण्याची घोषणा झाली तेव्हा नऊ वाजत आले होते आणि बाहेर अजून उजेड होता. त्या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत जवळचा वाटणारा तास तो.

मेट्रोसाठी प्रत्येकाला वेगळं नाविगो ईझी कार्ड घ्यावं लागतं, दोन युरोंचं. एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाही. तेव्हा मेट्रोचं एक तिकीट अडीच युरोंना होतं. आम्ही बरंचसं चाललो.

शनिवारी नोत्र दाम, पॅरिसचं जुनं चर्च. १५ एप्रिल २०१९च्या आगीनंतर ते डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलं. प्रवेश मोफत, रांग लांब दिसते पण भराभर सरकते. धुऊन काढलेला दगड आत इतका उजळ आहे, की शतकानुशतकांची ती इमारत आहे यावर विश्वास बसत नाही. दुपारी मारे भागातलं कार्नावाले, शहराच्या इतिहासाचं संग्रहालय. कायमस्वरूपी दालनं नेहमीच मोफत, आणि गर्दी कमी. पैसे जपून फिरणाऱ्याने इथे जावंच. जवळच्या रोझिए रस्त्यावरचं फलाफल शाकाहारी माणसाला मोठा आधार, पण शनिवारी शब्बाथमुळे तिथली बरीच दुकानं बंद असतात. आम्ही रविवारी परत गेलो. बेकरीत काही घेताना मांस नाही ना, हे विचारून घ्या. चीजच्या पदार्थांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सर्रास असतात.

आयफेल टॉवरवर चढलो नाही, खर्च आणि रांग दोन्ही टाळली. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो चमचमतो, ते समोरच्या त्रोकादेरो चौकातून मनसोक्त बघितलं.

रविवारी ओर्से. १९००च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन, १९८६पासून संग्रहालय. नंतर मी तिघांना ला शापेलला नेलं, गार द्यू नोर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची ही वस्ती. तिथे १९८५मध्ये स्थापन झालेलं माणिक विनायकराचं, म्हणजे आपल्या गणपतीचं देऊळ आहे. दरवर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास रथ निघतो आणि रस्त्यात नारळांचे ढीग फोडले जातात. उदबत्तीच्या वासाने मला घर आठवलं आणि डोळे भरून आले, सात महिन्यांत पहिल्यांदा. मग समोरच्या हॉटेलात डोसा. मातेओने दोन खाल्ले.

सोमवारी गाडीच्या दोन तास आधी गार द्यू नोरला पोहोचलो. आधी फ्रान्सचा बाहेर पडण्याचा शिक्का, लगेच पुढच्या खिडकीवर ब्रिटनचे अधिकारी. त्यांना ई-व्हिसा पासपोर्टवरून दिसतो, तरी शेअर कोडची प्रिंट जवळ ठेवली होती.

खर्च सगळा धरून पाचशे पौंडांच्या आसपास गेला, म्हणजे त्या वेळच्या दराने छप्पन-सत्तावन्न हजार रुपये. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा व्हिसा, विमा, फोटो आणि प्रिंटांचा. हॉस्टेलला रात्रीचे ४५ युरो पडले. सामायिक खर्च आम्ही ॲपवर तिथल्या तिथे टाकत होतो, त्यामुळे परतल्यावर हिशेबाची कुरकुर झाली नाही. हा पैसा मी कॅफेच्या कामातून साठवला होता आणि तरीही तो माझ्यासाठी मोठा होता. तुमच्या बजेटात व्हिशाचा भाग सुरुवातीलाच मांडा.

व्हिसाचं पान आणि दोन्ही शिक्के स्कॅन करून ठेवले आहेत. मागच्या दोन वर्षांत तीन शेंगेन व्हिसे नियमाने वापरले असतील तर एक वर्षाचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो, तेव्हा हा पुरावा लागतो. माझ्या फाइलमधला प्रत्येक कागद, नावं खोडून, मी चिडीला दिला. त्याने पुढच्या वेळी तारीख ठरवण्याआधी केंद्राची वेळ घेतली, आणि मग ग्रुपवर विचारलं की या तारखांना कोण कोण मोकळं आहे.